आबांच्या खोलीतली हवा

मुलांना मी गृहपाठ दिला होता. घरातलं प्रत्येक माणूस निवांत बसलेलं असताना एका मिनिटात किती वेळा श्वास घेतं, ते मोजून आणायचं. मोजायला शिकवण्याची ही माझी जुनी पद्धत आहे. नाडी मोजायला बोटं नेमकी ठेवावी लागतात. श्वास नुसता बघून मोजता येतो. आणि मोजता मोजता मुलं माणसाकडे नीट बघायला शिकतात.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मुलं आली. धनश्रीने वही उघडून माझ्यापुढे धरली. तिच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: पप्पा १६. मम्मी १८. आजी २१. मी २८. आबा ९.

मी ते दोनदा वाचलं. तिचे आबा, छगनभाऊ, दसऱ्यानंतर आठ दिवसांनी वारले होते. आता वैशाख तोंडावर आला होता.

"धनू, हे आबा कोण गं?"

"माझे आबा."

"पण ते तर..."

"हो बाई, ऑफ झाले ना," ती समजूत घातल्यासारखी म्हणाली. "पण दुपारी श्वास घेतात. एसीत. आजी म्हणाली, त्यांचेपण मोज. मी तीन वेळा मोजले. तिन्ही वेळा नऊच."

बाकीची मुलं हसली नाहीत. त्यांनीही ते ऐकलं होतं की काय कोण जाणे. मी मान हलवली, वहीवर बरोबरची खूण केली आणि पुढच्या मुलाची वही घेतली. खरं सांगायचं तर त्या नऊपेक्षा मला अठ्ठावीसचीच जास्त धास्ती वाटली. आठ वर्षांच्या पोरीने निवांत बसून मिनिटाला अठ्ठावीस श्वास घ्यावेत, हे बरं लक्षण नाही. धनूला दमा होता हे मला माहीत होतं. दप्तरात तिचा निळा पंप असायचा. पण गेल्या वर्षी तो दप्तराच्या तळाशी असायचा. आता तो तिच्या मुठीत होता.

सुरत महापालिकेच्या मराठी शाळेत मी चौतीस वर्षं शिकवलं. निवृत्त होऊनही मुलांची सवय सुटली नाही, म्हणून संध्याकाळी डिंडोलीतल्या माझ्या ओट्यावर गल्लीतली मुलं बसतात. धनूचा बाप चेतनही माझाच विद्यार्थी. त्यामुळे त्या घरात मला न विचारता जाता येतं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मी गेले.

खाली सोनाली, धनूची आई, साड्यांना टिकल्या चिकटवत बसली होती. मांडीवर साडी, बाजूला डिंकाची वाटी. मला बघून ती उठली नाही, नुसतं वर बोट केलं.

"वर आहेत बाई. दोघी. नाही, तिघं," ती म्हणाली. आवाजात चीड होती. "मार्चमध्ये मी मेकॅनिकला बोलावलं होतं. आमच्या सासूबाई जिन्यात आडव्या पडल्या. म्हणाल्या, माझ्या अंगावरून जा. तो बिचारा पळून गेला."

वरून तिच्या सासूचा, मंगलाबाईंचा आवाज आला, "तू टिकल्या चिकटव गं."

"चिकटवतेच आहे!" सोनाली ओरडली आणि मग हळू आवाजात मला म्हणाली, "सासरे होते तेव्हा कधी दोन शब्द गोड बोलल्या नाहीत. आता एसीशी बोलतात."

मी जिना चढले.

ती खोली लहान होती. धनूसाठीच ती अशी केलेली. पांडेसऱ्याच्या मिलच्या चिमण्यांची काजळी आमच्या खिडक्यांपर्यंत येते. कट्ट्यावरून बोट फिरवलं तर काळं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोरीला धुळीपासून जपा, खिडकी बंद ठेवा. म्हणून छगनभाऊंनी कुणीतरी काढून टाकलेला जुना एसी आणून भिंतीवर बसवून घेतला होता आणि खिडकीच्या फटींना कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. आजारपणात त्यांची खाटही इथेच होती.

आता तिथे गादी होती. गादीवर धनू पडलेली, डोळे उघडे. शेजारी मंगलाबाई मांडी घालून बसलेल्या. माझ्याशी त्या नेहमी शाळेतलं मराठी बोलायच्या. घाबरल्या किंवा गहिवरल्या की अहिराणीवर यायच्या.

"बठा, बाई," त्या कुजबुजल्या. "गलका नका करू."

मी बसले. खोलीत थंडावा असा नव्हताच, नुसती ओल होती. ओल्या गोधडीचा वास येत होता आणि त्यामागे आंबटसर, तेलकट असा दुसरा एक वास. तो मी ओळखला. छगनभाऊ मिलमधून आले की त्यांच्या खाकी सदऱ्याला हाच वास यायचा.

मग तो आवाज आला. काहीतरी आत ओढलं जात होतं, कष्टाने, लांबवर. मध्येच ते अडलं. आता पुढे काही होणारच नाही असं वाटण्याइतका वेळ गेला, आणि मग ते सुटलं. पुन्हा ओढ. पुन्हा तेच अडणं.

मला भीती वाटली, हे सांगून टाकते. छगनभाऊंच्या शेवटच्या आठवड्यात मी दोनदा त्यांच्या खाटेजवळ बसले होते. तेव्हा ऐकलेला श्वास हाच होता.

"त्या आठेच शेतस, बाई," मंगलाबाई म्हणाल्या. ते इथेच आहेत. "शेवटी वाचा गेली होती त्यांची. पण हात वर करायचे. ह्याच्याकडे बोट. दिवसातून दहादा. आम्ही कधी थंड वाढवलं, कधी बंदच केलं. ते मान हलवायचे, नाही, नाही. चेतनला वाटलं डोकं फिरलं. मला गेल्यावर समजलं. कुठे जाणार ते सांगत होते."

धनू माझ्याकडे बघत होती. तिच्या गळ्याच्या खळगीत प्रत्येक श्वासाला कातडी आत जात होती.

माझ्या पिशवीत उत्तरायणाच्या फाटक्या पतंगाची एक पट्टी होती, मुलांना वारा दाखवायला आणलेली. मी उठून ती एसीच्या तोंडापाशी धरली. एवढ्या आवाजाने ती फडफडायला हवी होती. ती जेमतेम हलली. आत खूप कष्ट चालले होते आणि बाहेर जवळजवळ काहीच येत नव्हतं.

"मंगलाबाई, ह्याची हवा अडली आहे," मी म्हटलं. "आत जाळी असते. तिच्यात धूळ बसते. ती काढून धुवायची एवढंच. मी स्वतः धुते."

"आणि ते गेले तर?"

मी पट्टी पिशवीत ठेवली आणि झाकणाकडे हात नेला.

"धुतलं आणि ते गेले तर, बाई?" त्यांनी माझं मनगट धरलं. "चाळीस वर्षं ते रात्री मिलमध्ये आणि मी दिवसा घरात. कधी भेटच नाही झाली म्हणा. आता दुपारी येतात, बसतात. अखजी होऊ द्या. पहिली घागर आहे त्यांची. चार दिवसच. घागर भरू द्या, मग काय करायचं ते करा."

खानदेशात अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर मांडतात. वर खरबूज, आंबे ठेवतात, आणि विस्तवावर तूप आणि पुरणपोळीचा घास टाकतात. त्याला आगारी म्हणतात. सुरतेत येऊन दोन पिढ्या झाल्या तरी आमच्या गल्लीत घागर चुकत नाही.

मी हो म्हटलं. चौतीस वर्षं मी असंच केलं आहे. न समजणाऱ्या मुलाला मी कधी घाई केली नाही. थोडं थांबलं की समजतंच, असा माझा अनुभव. मंगलाबाईंनाही चार दिवस द्यावेत असं मला वाटलं. त्या चार दिवसांत धनूला किती श्वास घ्यावे लागतील, ते मात्र मी मोजलं नाही.

"तोवर पोरीला खाली झोपवा," मी निघताना सोनालीला म्हटलं.

"खाली डिंकाचा वास, दाराशी रस्ता. आणि ती ऐकते का? आबांजवळच झोपायचंय म्हणते."

त्या संध्याकाळी मी मुलांना गाळणं शिकवलं. गढूळ पाणी एका पदरातून ओतलं. पटकन खाली आलं, पण गढूळच. दोन पदर केले, पाणी जरा स्वच्छ. चार पदर केले, आणखी स्वच्छ, पण थेंब थेंब. धनूने न सांगता कापडाची आठपदरी घडी केली आणि त्यावर तांब्या रिकामा केला. पाणी वरच साचून राहिलं.

"बाई, हे तर एकदम चोक झालं," ती म्हणाली. बोलताना मध्ये दोनदा थांबली. "आता खालचा पेला तहानेने मरेल."

मुलं हसली. मीही हसले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

अखजीला मला जेवायचं बोलावणं होतं. अकराच्या सुमारास गेले. सोनाली पुरणपोळ्या करत होती. चेतन रात्रपाळीहून येऊन खाली आडवा झाला होता. मंगलाबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर खाली आला होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

"वर या," त्या म्हणाल्या.

घागर त्यांनी आदल्या संध्याकाळीच मांडली होती, एसीच्या बरोब्बर खाली. गळ्यापर्यंत पाणी, तोंडात पालथा लोटा, बाजूला खरबूज. आता घागर तुडुंब भरून वाहत होती. जमिनीवर पाणी होतं, धनू बसली होती त्या गादीचं टोक भिजलं होतं. खरबूज पाण्यात बसलं होतं.

"कोणी ओतलं नाही, बाई. देवाशपथ. मातीची घागर पाझरते, पाणी कमी होतं. आम्ही म्हणतो, पितर प्यायले. इथे वाढलं." त्यांचा आवाज फाटला. "त्या पानी पेतस नही. परत करी ऱ्हायनात."

मी वर बघितलं. एसीच्या तोंडाच्या कडेला पांढरी कड दिसत होती. बर्फ. बघता बघता एक थेंब लोंबला आणि लोट्याच्या पाठीवर टप्प करून पडला, तिथून ओघळून घागरीत.

"मंगलाबाई, हे बघा. हवा अडली की आतल्या नळ्यांवर बर्फ धरतो. मशीन थोडं थांबलं की तो वितळतो. तेच हे पाणी."

त्यांनी थेंबाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना ऐकू येत होतं, पण ते आत जात नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर एकच गोष्ट होती: चाळीस वर्षं संसार केलेला माणूस माझ्या हातचं पाणी नाकारतोय.

"तोंडच गोड केलं नाही त्यांचं, म्हणून," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आगारी इथेच टाकते. समोरासमोर."

"इथे नाही," मी म्हटलं. "बंद खोलीत धूर नको. पोरगी..."

"बरं बरं," त्या म्हणाल्या. फार पटकन म्हणाल्या. मला तिथेच कळायला हवं होतं.

मी सोनालीला सांगायला खाली गेले. तिने तव्यावरची पोळी उलटली, चेतनला हाक मारली, तो डोळे चोळत उठला. मी त्याला म्हटलं, आज संध्याकाळी जाळी काढायची, अखजी झाली आता. तो म्हणाला, बाई, मी तर कधीचा म्हणतोय. असं बोलत आम्ही उभे होतो. पाच मिनिटं झाली असतील, सात झाली असतील. मंगलाबाई आमच्या पाठीमागून खाली आल्या आणि मागच्या दाराशी ठेवलेल्या शेगडीतला विस्तव लोखंडी तव्यात घेऊन परत वर गेल्या, ते आमच्यापैकी कोणी बघितलं नाही.

आधी जळक्या तुपाचा वास आला. मग धनूचा खोकला, आणि मग तो थांबला. खोकला थांबणं हे खोकल्याहून वाईट असतं.

वरचं दार आतून लावलेलं होतं. चेतनने खांदा मारला. खोलीत धूर एवढा की समोरची भिंत दिसेना. मंगलाबाई एसीसमोर हात जोडून बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी धनू, तिचेही हात जोडलेले, कारण आजीने सांगितलं होतं, तू बोलाव, तुझं ऐकतील. तिचे खांदे कानापर्यंत चढले होते. तोंड उघडं होतं. ओठांना जांभळाच्या सालीचा रंग आला होता. आणि वर, धुरातून, ते दुसरं श्वास घेणं चालूच होतं. ओढ. अडणं. सुटणं. त्याच्यामुळे धूर आत खेचला जात होता आणि कुठेच जात नव्हता.

चेतनने पोरीला उचललं. जिन्यातच मी तिला पंप दिला, एकदा, दोनदा, मोज म्हटलं, धनू, मोज, एक, दोन. तिने मोजायचा प्रयत्न केला. सोनाली पिठाच्या हातानेच मोटरसायकलवर मागे बसली, पोरगी मध्ये. गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मला तिची लोंबकळणारी चप्पल दिसत होती.

मी परत वर गेले. खिडकीच्या कागदी पट्ट्या फाडल्या, खिडकी उघडली. मंगलाबाई तशाच बसल्या होत्या. आगारीवर पाणी ओतलेलं होतं. बहुतेक त्यांनीच घागर ओतली होती. त्या एसीकडे बघत नव्हत्या. दाराकडे बघत होत्या, जिथून पोरीला नेलं होतं.

"उघडा," त्या म्हणाल्या.

"तुम्ही म्हणाल तरच."

"उघडा म्हणते ना! त्यांना विचारू नका, मला विचारता आहात तर मी सांगते, उघडा!"

मी आधी बटण बंद केलं. आतला आवाज एकदा ओढला आणि सुटलाच नाही. मी सुटण्याची वाट बघत उभी राहिले. किती वेळ ते मला माहीत नाही. मंगलाबाईही वाट बघत होत्या.

मग मी स्टुलावर चढले. माझं वय अडुसष्ट. मंगलाबाईंनी स्टूल धरलं, दोन्ही हातांनी, कपाळ माझ्या पोटरीला टेकवून. पुढचं झाकण मी वर उचललं. तिथे प्लास्टिकची बारीक जाळी असते, हे मला माहीत होतं. जाळी दिसली नाही. जाळीवर काहीतरी होतं, करड्या रंगाचं, जाड, ओलं, एखाद्या जनावराच्या पाठीसारखं. मी बोट लावलं आणि ते आत दबलं.

ते कापड होतं. सोडवून खाली आणलं तेव्हा समजलं. मिलमधलं न रंगवलेलं कोरं कापड, जाळीच्या मापाने कापलेलं, कडेला इलास्टिक घालून शिवलेलं. हाताने शिवलेलं, सुरेख बारीक टाके. तीन कोपरे घट्ट होते. चौथ्याची शिवण उसवली होती. तेवढा कोपरा हवेबरोबर ओढला जात असणार आणि सुटत असणार. बाकी सगळ्यावर लवेचा आणि धुळीचा बोटभर थर.

"हा टाका त्यांचा आहे," मंगलाबाई म्हणाल्या.

मग त्या सांगू लागल्या आणि मी समजू लागले. छगनभाऊ पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये स्टेंटरवर होते. रंगवलेलं ओलं कापड ताणून गरम हवेत सुकवणारं ते लांबलचक यंत्र. कापडाची लव उडते, ती यंत्राच्या जाळ्यांत बसते, आणि प्रत्येक पाळीला जाळ्या साफ केल्या नाहीत तर यंत्र घुसमटतं. हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम. एसीची जाळी त्यांना ढोबळ वाटली असणार. आपल्या नातीसाठी ती बारीक करायची, आणि बारीक केली म्हणजे रोज धुवायची, हे त्यांना सांगायला कोणी लागलं नसतं. सकाळी आठला ते पाळीवरून यायचे. धनू शाळेत, सोनाली साड्यांचा माल आणायला, मंगलाबाई भाजीला. तासाभराने घर भरायचं तेव्हा ते झोपलेले असायचे.

"दोरीवर रोज एक पांढरं फडकं असायचं," मंगलाबाई म्हणाल्या. "मला वाटायचं, मिलमधलं हात पुसायचं."

मग ते आजारी पडले. बारा दिवस ह्याच खोलीत, ह्याच कापडाखाली. स्टुलावर चढता येईना, बोलता येईना. दिवसातून दहादा बोट वर.

मी हे मोठ्याने म्हटलं नाही. म्हणायची गरज पडली नाही. मंगलाबाईंनी तोंडावर पदर दाबला.

मोरीत त्यांनीच ते धुवायला घेतलं. मला हात लावू दिला नाही. नळाखाली धरण्याआधी थांबल्या.

"बाई, यात त्या शेतस का?"

मी मुलांना कधी खोटं सांगितलं नाही. माणसाची कातडी रोज झडते, केस झडतात, कपड्यांचे तंतू उडतात. घरातली धूळ बरीचशी घरातल्या माणसांचीच असते. हा धडा मी दरवर्षी घेते आणि मुलं दरवर्षी ई करून ओरडतात.

"कापडाला अगदी चिकटलेला जो थर आहे ना," मी म्हटलं, "तो त्या बारा दिवसांचा. त्यात थोडे ते असतील. वरचा सगळा नंतरचा. तुमचा, चेतनचा, पोरीचा. आणि बुरशी. तिनेच धनूला त्रास होतोय."

त्यांनी मान हलवली. नळ सोडला. पाणी करडं झालं, मग काळं, मग दुधट. शेवटचा थर त्यांनी ब्रशने नाही, अंगठ्याने काढला. खूप वेळ लागला. चेतनचा फोन आला तेव्हाही त्यांचे हात पाण्यात होते. धनूला दवाखान्यात वाफ देत होते, ऑक्सिजन लावला होता, रात्रभर ठेवणार होते. ओठांचा रंग परत आला होता.

कापड आम्ही गच्चीच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातलं. एसीची मूळ जाळी मी धुऊन, पुसून, सावलीत सुकवून परत बसवली. मंगलाबाईंना बजावलं, कापड पुन्हा लावायचं नाही. मशीनची जाळी पुरे. पंधरा दिवसांनी धुवायची, बस. त्या हो म्हणाल्या. मी माझ्या घरी चला म्हटलं, तर नको म्हणाल्या. दोन्ही दारांना आतून कडी लावून घेतल्याचं मी बाहेरून ऐकलं.

सकाळी साडेआठला त्यांनी मला बोलावून घेतलं. त्या कालच्याच लुगड्यात होत्या. काही न बोलता मला वर नेलं आणि एसीकडे बोट केलं.

मी स्टुलावर चढले. झाकण उचललं. जाळीवर कापड होतं. पांढरंशुभ्र, कोरडं, चारही कोपरे घट्ट, एक सुरकुती नाही. उसवलेला चौथा कोपरा दुमडून आत असा खोचला होता, की तो सुटणार नाही. मला काल ते काढतानाही नीट जमलं नव्हतं.

"चेतन आला होता?"

"तो तिथेच आहे, दवाखान्यात. कडी आतून होती, बाई. मी उठून उघडली."

"तुम्ही झोपेत..."

"ह्या गुडघ्यांनी? स्टुलावर?"

दोरीवर गच्चीत चिमटे तसेच होते, एका ओळीत. मी जाऊन बघितले. झोपेत माणसं कायकाय करतात हे मला माहीत आहे, आणि गुडघे दुखणारं माणूसही एखाद्या रात्री चढून जातं. मी मंगलाबाईंना तसं सांगू शकले असते. मुलांनी विचारलं असतं तर बहुधा तेच सांगितलं असतं. पण तिथे उभी असताना मला सकाळचे आठ नुकतेच वाजून गेल्याची जाणीव होती, छगनभाऊंची पाळीवरून घरी यायची वेळ, आणि कापड हाताला जरासं गरम लागत होतं.

"काय करायचं?" मंगलाबाईंनी विचारलं. "त्यांना ते हवंय."

हे उत्तर मला द्यायचं नव्हतं.

खाली रिक्षा थांबली. सोनालीचा आवाज आला, मग चेतनचा, मग एक बारीक खोकला. मंगलाबाईंनी तो ऐकला. मग मला म्हणाल्या, "उतरा."

त्या स्वतः चढल्या. एक गुडघा, मग हात भिंतीला, मग दुसरा. मी स्टूल धरलं. त्यांनी एकेक कोपरा सोडवला, अगदी हळू, झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसं. कापड छातीशी धरलं आणि त्या उघड्या मशीनमध्ये तोंड जवळ नेऊन बोलल्या. मोठ्याने नाही. पण मी खालीच होते.

"जाळी आते मी साफ करसू," त्या म्हणाल्या. "तुम्ही जा."

मग झाकण बंद केलं.

धनू बापाच्या खांद्यावरून वर आली. हाताच्या मागच्या बाजूला पांढरी पट्टी चिकटवलेली. मंगलाबाईंनी तिला गादीवर घेतलं, खिडकी लावली आणि बटण दाबलं. पतंगाची पट्टी मी पिशवीतून काढलीच नाही. सोनालीच्या कपाळावरचे केस दारातच उडाले.

धनू डोळे मिटून ऐकत पडली. बराच वेळ ऐकत होती.

"आजी," ती म्हणाली, "आबा श्वास घेत नाहीत."

"नही घेतस, माय," मंगलाबाई म्हणाल्या. "तू घे."